रात्रभर भिजलेली कॉफी

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

उन्हाळ्यात अंगाची लाही लाही होऊ लागली की आपल्याकडे अनेक घरांत रात्री निजण्यापूर्वी एक काम ठरलेलं असतं. थोडे धने कुटायचे, पेलाभर पाण्यात टाकायचे, वर झाकण ठेवायचं आणि निजायला जायचं. सकाळी ते पाणी गाळायचं, त्यात खडीसाखर घालायची आणि प्यायचं. यात चूल पेटवावी लागत नाही, काही उकळावं लागत नाही. पाणी आणि रात्र, एवढ्या दोन गोष्टींवर काम भागतं.

आज मी ज्या कॉफीविषयी बोलणार आहे, ती अशीच होते. तिला कोल्ड ब्रू म्हणतात. नावात थोडी गंमत आहे. किराणा दुकानात जाऊन ‘ब्रू’ मागितली तर दुकानदार त्या नावाची पुडी हातावर ठेवील. पण इथे ब्रू हे पुडीचं नाव नव्हे. पाण्यात एखाद्या वस्तूचा अर्क उतरवणं, असा त्या शब्दाचा अर्थ. आणि आपण ज्याला कोल्ड कॉफी म्हणतो, म्हणजे थंड दूध, साखर आणि चमचाभर इन्स्टंट कॉफी मिक्सरमधून फिरवून फेस आणलेली, तीही ही नव्हे. त्या कॉफीचा अर्क कारखान्यात गरम पाण्यानं आधीच काढलेला असतो. तो वाळवून, भुकटी करून आपल्याला मिळतो. कोल्ड ब्रूमध्ये कॉफीच्या भाजलेल्या, भरडलेल्या बिया गार पाण्यात बारा-पंधरा तास मुरतात. गरम पाण्याचा आणि त्यांचा संबंध कधी येतच नाही.

आयुर्वेदात वनस्पतीचा अर्क काढण्याच्या पाच पद्धती सांगितल्या आहेत. त्यांतल्या तीन पाण्याच्या आहेत. औषध पाण्यात उकळलं की काढा. त्यावर गरम पाणी ओतून थोडा वेळ ठेवलं आणि गाळलं की फांट. आणि कुटलेलं औषध गार पाण्यात रात्रभर ठेवून सकाळी गाळलं की हिम. शार्ङ्गधरसंहितेत हिमाचं प्रमाणही दिलेलं आहे, एक भाग औषधाला सहा भाग पाणी. धन्याचं पाणी हा हिमच. आता कॉफीकडे पाहा. अरबस्तानात, तुर्कस्तानात बारीक पूड पाण्यात उकळवतात, तो काढा. मद्रासकडचं पितळी किंवा स्टीलचं फिल्टर म्हणजे फांट. आणि कोल्ड ब्रू म्हणजे कॉफीचा हिम. याचा अर्थ कोल्ड ब्रू आपल्या पूर्वजांनी शोधली असा कुणी काढू नये. ग्रंथकारासमोर कॉफी नव्हती. पण युक्ती आपल्या ओळखीची आहे, एवढं नक्की.

कॉफीच्या बाबतीत या युक्तीला जपानात मोठा मान मिळाला. क्योटो शहराच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत काचेच्या उंच मनोऱ्यातून गार पाण्याचा एकेक थेंब कॉफीवर पडत राहतो. अमेरिकेत टॉड सिम्पसन या रसायन-अभियंत्यानं १९६४ साली घरगुती वापरासाठी एक साधं भांडं तयार केलं आणि ‘टॉडी’ या नावानं ते आजही विकलं जातं. २०१५ साली स्टारबक्ससारख्या मोठ्या साखळीनं कोल्ड ब्रू विकायला घेतली आणि मग ती जगभर पसरली. आज मुंबई-पुण्याच्या कॅफेंत ती सर्रास मिळते. पण तिला ना मनोरा लागतो ना खास भांडं. लोणच्याची रिकामी बरणी स्वच्छ घासून घेतली तरी पुरे.

आता प्रश्न असा की गार पाण्याला हे जमतं कसं? गरम फिल्टरमध्ये जे काही मिनिटांत होतं, त्याला इथे रात्र का लागते?

भाजलेल्या कॉफीच्या कणात शेकडो पदार्थ असतात. काही पाण्यात सहज विरघळतात, काही मोठ्या नाखुशीनं. कॅफिनचंच उदाहरण घेऊ. उकळत्या पाण्यात ते भरपूर विरघळतं. साध्या तापमानाच्या १०० मिलिलिटर पाण्यात मात्र सुमारे २ ग्रॅमच विरघळतं. ऐकायला हे फार कमी वाटतं. पण १०० ग्रॅम अरेबिका कॉफीत कॅफिन असतं अवघं १.२ ग्रॅमच्या आसपास. म्हणजे आपण वापरतो त्या पाऊण-एक लिटर गार पाण्यात ते सगळं मावून वर कितीतरी जागा उरते. गार पाण्याची ताकद कमी पडत नाही, त्याचा वेग कमी असतो. पाणी कणाच्या आत शिरायला आणि तिथला रस घेऊन बाहेर यायला वेळ लागतो.

पण सगळंच वेळेवर सोपवून चालत नाही. काही पदार्थ गार पाण्यात कितीही वेळ ठेवले तरी पुरेसे उतरत नाहीत. कॉफीचा जो करकरीत कडवटपणा जिभेच्या मुळाशी राहतो, त्यातला बराचसा भाग अशा पदार्थांचा असतो. काही आम्लंही गार पाण्यात कमी उतरतात. शिवाय गरम कॉफी शेगडीवर ताटकळत राहिली की तिच्यातले काही पदार्थ फुटून नवी, तुरट-आंबट चव येते. गार कॉफीत हे जवळजवळ होतच नाही. म्हणून कोल्ड ब्रू मवाळ लागते, किंचित गोडसर आणि चॉकलेटच्या अंगानं जाणारी. तिच्यात साखर कमी लागते, काहींना लागतच नाही.

याची किंमतही मोजावी लागते. फिल्टरवर गरम पाणी पडताच घरभर जो दरवळ सुटतो, तो इथे नाही. उंची, हलक्या भाजणीच्या कॉफीत फळांसारखी जी आंबूस चमक असते, तीही गार पाण्यात दबून जाते. तेव्हा महागाची, हलकी भाजलेली कॉफी यासाठी घेऊ नये. मध्यम किंवा थोडी गडद भाजलेली, साधी आणि ताजी कॉफी पुरे. चिकमगळूर किंवा कोडगू भागातली कॉफी आता आपल्याकडे सहज मिळते.

पुडी घेताना मात्र वरचा बारीक मजकूर वाचा. आपल्याकडे फिल्टर कॉफी म्हणून मिळणाऱ्या पुष्कळ पुड्यांत चिकोरी असते. चिकोरी म्हणजे एका वनस्पतीचं भाजलेलं मूळ. आपल्या अन्नकायद्यानुसार अशा मिश्रणात निदान ५१ टक्के कॉफी असावी लागते आणि प्रमाण पुडीवर छापावं लागतं. चिकोरी वाईट असते असं नाही. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सला चिकोरी घालूनच गार कॉफी मुरवण्याचा प्रघात आहे. पण चिकोरी पाण्यात चटकन उतरते, रंग काळाकुट्ट करते आणि कॉफीची चव झाकते. पहिल्यांदा करून बघताना निव्वळ कॉफी घ्यावी.

आणि आता दळण. इथे मी स्वतः तोंडघशी पडलो होतो. पहिल्या खेपेला घरात होती ती फिल्टर कॉफीची बारीक पूड मी बरणीत ओतली. दुसऱ्या दिवशी गाळायला बसलो तर चिखल झालेला. गाळणीतून सगळं जसंच्या तसं खाली, आणि फडक्यातून काहीच नाही. पंचा पिळून पिळून हात दुखले, आणि जे निघालं ते गढूळ आणि कडू. बारीक पुडीतून नको असलेलं बरंच काही बाहेर येतं, आणि पिळल्यानं उरलंसुरलंही येतं. कोल्ड ब्रूला कॉफी भरड हवी, लापशीच्या जाड रव्याएवढी. कॉफीच्या दुकानात दळून घेणार असाल तर ‘फ्रेंच प्रेससाठी दळा’ असं सांगा, म्हणजे त्यांना बरोबर कळतं. घरी मिक्सरवर करायची तर बिया थोड्याथोड्या घ्या आणि बटण दोन-दोन सेकंदच फिरवून थांबा. सलग फिरवलं की निम्मं पीठ आणि निम्मे खडे होतात.

आता प्रत्यक्ष कृती. १०० ग्रॅम भरड कॉफी स्वच्छ, कोरड्या बरणीत घाला. बरणी काचेची किंवा स्टीलची असावी. प्लॅस्टिकला मसाल्याचा वास असतो आणि तो कॉफीत उतरतो. त्यावर ८०० मिलिलिटर गार पाणी निम्मं निम्मं करून ओता. कोरडी कॉफी वर तरंगते, म्हणून लांब चमच्यानं हलक्या हातानं खालीवर करा. सगळी कॉफी भिजली की झाकण लावा आणि बरणी फ्रीजमध्ये ठेवा. मधूनमधून ढवळायची गरज नाही. सोळा तासांनी बाहेर काढा. आधी साध्या गाळणीनं चोथा वेगळा करा, मग मलमलीच्या फडक्यातून सावकाश गाळा. फडकं साबणानं धुतलेलं असेल तर आधी नुसत्या पाण्यातून नीट खळबळून घ्या. आणि पिळू नका. घरी मद्रासी फिल्टर असेल तर दुसऱ्यांदा त्यातून गाळलं तरी चालेल. चोथा साधारण आपल्या दुप्पट वजनाचं पाणी धरून ठेवतो. म्हणून ८०० पैकी ६०० मिलिलिटर हाती येईल. हा झाला अर्क. चोथा कुंड्यांच्या खतात जिरवता येतो.

सोळा तास का, याचंही कारण सांगतो. फिलाडेल्फियाच्या मेगन फुलर आणि निनी राव या संशोधकांनी २०१७ साली कोल्ड ब्रूवर प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांना आढळलं की खोलीच्या तापमानाला भरड कॉफीतलं कॅफिन सहा-सात तासांत जेवढं यायचं तेवढं येऊन जातं. त्यानंतर ठेवून कॅफिन फारसं वाढत नाही. चोवीस तास भिजवा, छत्तीस तास भिजवा, अशा ज्या कृती फिरत असतात त्यांची म्हणूनच गरज नाही. फ्रीजमध्ये हीच क्रिया मंदावते, म्हणून तिथे वेळ दुपटीहून थोडा जास्त धरायचा.

मग खोलीतच का ठेवू नये? कारण परदेशी कृतींमधली खोली आणि आपली खोली एक नव्हे. त्यांची खोली म्हणजे वीस-बावीस अंश. आपल्याकडे मे महिन्यात नागपूरला किंवा सोलापूरला ओट्यावर ठेवलेल्या बरणीचं तापमान पस्तिशी सहज ओलांडतं. तेवढ्या उबेत कॉफी मुरेल, पण सूक्ष्म जंतूही वाढू शकतील.

हा मुद्दा मला जरा ठासून सांगायचा आहे. आपण चहा करतो, गरम कॉफी करतो, तेव्हा पाणी उकळतं आणि पाण्यातले बहुतेक दोष तिथेच जातात. आपण त्याचा वेगळा विचारही करत नाही. कोल्ड ब्रूमध्ये पाणी उकळत नाही. जे पाणी घालाल तेच पोटात जाणार. तेव्हा पाणी एक तर चांगल्या शुद्धीकरण यंत्रातलं असावं, नाही तर खळखळून उकळून, झाकून गार केलेलं. पावसाळ्यात तर यात हयगय नकोच. हीच गोष्ट बर्फाची. बाहेरच्या लादीचा बर्फ पेल्यात टाकायचा आणि पाणी मात्र उकळून घ्यायचं, यात काही अर्थ नाही. बर्फही त्याच पाण्याचा हवा.

तयार अर्क फ्रीजमध्येच ठेवावा आणि पाच-सहा दिवसांत संपवावा. दिवसभर वीज गेली आणि फ्रीज तापला तर अर्क टाकून द्यावा, हळहळू नये. दूध बरणीत कधीही मिसळायचं नाही, ते पेल्यात. आणि महिनोन्‌महिने टिकावा म्हणून अर्क बाटल्यांत घट्ट बंद करून बाहेर ठेवण्याचा उद्योग करू नये. २०१७ साली अमेरिकेतल्या एका कंपनीनं डबाबंद कोल्ड ब्रूचे आपले डबे बाजारातून परत बोलावले होते. कॉफीत आम्ल कमी, डब्यात हवा नाही आणि उष्णतेची प्रक्रिया नाही, अशा स्थितीत बॉट्युलिझम या विषबाधेचा जंतू वाढू शकतो, असं तज्ज्ञांनी दाखवून दिलं होतं. फ्रीजमध्ये ठेवून चार-पाच दिवसांत पिणाऱ्याला ही भीती बाळगायचं कारण नाही. पण नियम का आहे हे माहीत असावं.

दुसरी गोष्ट कॅफिनची. कोल्ड ब्रू मवाळ लागते, गार असते, घशाखाली सरबतासारखी उतरते. म्हणून लोकांना वाटतं की ही कॉफी हलकी आहे. मलाही तसंच वाटलं. मी अर्कात पाणी न घालता संध्याकाळी मोठा पेलाभर प्यालो आणि रात्री तीन वाजता पंख्याची पाती मोजत पडलो होतो.

हिशेब करून पाहू. १०० ग्रॅम अरेबिकात सुमारे १२०० मिलिग्रॅम कॅफिन. पाणी ८०० मिलिलिटर, त्यातलं ६०० हाती आलं, म्हणजे तीन चतुर्थांश. तेव्हा अर्कात जास्तीत जास्त ९०० मिलिग्रॅम. त्याचे १०० मिलिलिटरचे सहा भाग केले तर प्रत्येक भागात १५० मिलिग्रॅमपर्यंत. एक चमचा इन्स्टंट कॉफीच्या कपात साधारण ६० असतं. म्हणजे गार कॉफीचा एक पेला नेहमीच्या दोन-अडीच कपांच्या बरोबरीचा झाला. आणि हे झालं अरेबिकाचं. भारतात पिकणाऱ्या कॉफीत मोठा वाटा रोबस्टाचा आहे, आणि रोबस्टात कॅफिन जवळजवळ दुप्पट असतं. त्याच मापानं केलेल्या रोबस्टाच्या पेल्यात ते पावणेतीनशेपर्यंत जाऊ शकतं.

धडधाकट प्रौढ माणसानं दिवसाला ४०० मिलिग्रॅमच्या आत राहावं, असं अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचं म्हणणं आहे. म्हणजे अरेबिकाचे दोन पेले ठीक, तिसरा जास्त. रोबस्टाचा एकच. गरोदर स्त्रियांसाठी ही मर्यादा २०० मिलिग्रॅम मानतात, तेव्हा त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हिच्या वाटेला जाऊ नये. मुलांना तर ही द्यायचीच नाही, कितीही सरबतासारखी दिसली तरी. आणखी एक. शरीरात गेलेलं कॅफिन निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी पाचला प्यालात तर रात्री दहाला निम्मं अंगात असतंच.

आम्लपित्ताचा त्रास असणारी मंडळी विचारतात, ‘ही कॉफी आम्लरहित असते म्हणे?’ नाही. फुलर आणि राव यांनीच २०१८ साली गरम आणि गार कॉफीचा पीएच मोजला. दोन्हींचा ४.८५ ते ५.१३ या दरम्यान, म्हणजे जवळपास सारखाच निघाला. गार कॉफीत आम्लांचं एकूण प्रमाण थोडं कमी भरलं, हे खरं. पण कॅफिन स्वतःच जठरातलं आम्ल वाढवतं, आणि ते इथे भरपूर आहे. कुणाला ही कॉफी सोसते, कुणाला नाही. छातीत जळजळत असेल तर ‘कोल्ड ब्रूनं काही होत नाही’ या जाहिरातीवर विसंबू नका.

मग प्यायची कशी? १०० मिलिलिटर अर्क, तेवढंच किंवा दीडपट गार पाणी, आणि बर्फाचे चार खडे. पहिल्यांदा अशी नुसती पिऊन पाहा. दूध हवं असेल तर पाण्याऐवजी उकळून गार केलेलं दूध. साखर गार पाण्यात चटकन विरघळत नाही, तळाशी बसते. म्हणून साखरेचं किंवा गुळाचं थोडं पातळ पाणी आधी करून ठेवावं. नारळाच्या पाण्यातही अर्क छान लागतो, मग साखरेची गरजच नाही. आणि आपली मराठी कॉफी म्हटलं की जायफळ आलंच. ते बरणीत भिजवायचं नाही. जायफळाचा सुगंध तेलात असतो, तो गार पाण्यात नीट उतरत नाही. दुधाच्या पेल्यावर किसून घातलं की दुधातल्या स्निग्धांशात तो खुलतो.

या सगळ्यात तुमचे हात लागतात दहा-पंधरा मिनिटं, बाकीचं काम बरणी करते. आज रात्री नऊ वाजता कॉफी भिजत घातलीत तर उद्या दुपारी एकच्या सुमाराला ती गाळायला तयार होईल. जेवणं आटोपलेली असतील, बाहेर ऊन रणरणत असेल. पहिला पेला तेव्हा घ्या. निजायच्या वेळेपर्यंत त्यातलं पुष्कळसं कॅफिन ओसरलेलं असेल. उरलेला अर्क फ्रीजमध्ये ठेवा. आणि बरणीवर तारीख लिहायला विसरू नका.